अपना कोन आया रे?

२१ डिसेंबर २०२५, रविवार. मी पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बसलो होतो. राज्यातल्या नगरपालिकांचे निकाल लागत होते. बहुतेक ठिकाणचं मतदान २ डिसेंबरलाच झालं होतं, पण काही ठिकाणचं पुढे गेलं आणि सगळी मोजणी एकाच दिवशी करा असा हायकोर्टाचा आदेश आला. त्यामुळे मशीनं जवळपास तीन आठवडे कडीकुलपात पडून होती, आणि तेवढे दिवस आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जो तो आपापला निकाल जाहीर करून मोकळा होत होता.

साडेअकराला दादीचा फोन. दादी म्हणजे माझी आजी, मुक्काम पोस्ट परंडा. सलाम-दुआ नाही, तब्येत नाही, थेट प्रश्न:

"अपना कोन आया रे?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक मित्र, अगदी सज्जन माणूस, पोहे खाता खाता विचारतो, "काय रे, तुमचे किती आले या वेळी?"

दोन प्रश्न, तसे एकच. "अपना" काय आणि "तुमचे" काय, दोघांनाही माझ्याकडून मुसलमान नगरसेवकांची संख्या हवी होती. मी दोघांनाही काहीतरी उत्तर दिलं, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. 'आपला माणूस निवडून येणं' ही गोष्ट आमच्या गावात नक्की कधी सुरू झाली? आणि ती आल्याने घरात काय बदललं? तर मंडळी, या शनिवारचा लेख त्यावर. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी किल्ला. परंड्याचं नाव काढलं की किल्ल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बहमनी काळातला भुईकोट, बाहेर खंदक, आत तोफा. महमूद गावानने बांधला असं सांगतात. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला याच परंड्यात गादीवर बसवलं, म्हणजे काही काळ आमचं गाव राजधानी होतं. विजापूरच्या बुरुजावर जी मुलूखमैदान तोफ आहे ना, ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली. ती काही काळ परंड्यात होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने इथून विजापूरला नेली. सुमारे ५५ टनांचं धूड! परंड्याचा माणूस विजापूरला गेला की तोफेवर हात ठेवून "ही आमची" म्हणतो. आमच्याकडे गेलेल्या वस्तूंचा अभिमान फार.

आता गंमत बघा. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मग हैदराबादचा निजाम. पाचशे वर्षं गावावर मुसलमान राजे. त्या पाचशे वर्षांत परंड्याच्या बागवान गल्लीतल्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुझं मत काय? राज्य मुसलमान राजाचं होतं, मुसलमानांचं नव्हतं. माझे पूर्वज पेरू, केळी आणि सीताफळं विकत होते. सुलतान बदलले, फळं तीच राहिली.

निजामाच्या शेवटच्या काळात मात्र एका पक्षाने या साध्या माणसांना पटवलं की राजा म्हणजेच तुम्ही. ही कहाणी आमच्याच जिल्ह्यात रुजली, हे पुण्यातल्या बऱ्याच मित्रांना माहीत नसतं. कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. १९४६ च्या अखेरीस तो मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला, आणि रझाकार नावाची त्याची सशस्त्र फौज गावोगाव फिरू लागली. १९४७-४८ मध्ये आमच्या भागातली कितीतरी हिंदू कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. बार्शी मुंबई इलाख्यात, परंडा निजामाच्या राज्यात. मध्ये अंतर असेल पंचवीस-तीस किलोमीटरचं. रझाकारांनी जे केलं ते केलंच, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण हेही लक्षात ठेवायला हवं की हैदराबाद भारतात यावं असं लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच मारलं. तोही मुसलमानच होता.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आत आली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं, १७ तारखेला निजाम शरण आला. आपल्याकडे १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, शाळेत झेंडावंदन असतं. मीही प्रभातफेरीत ओरडत गेलोय, आणि मनापासून गेलोय.

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल शाळेत काही शिकवलं नाही आणि घरातही कुणी बोललं नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती पाठवली होती. त्यांचा अहवाल कित्येक वर्षं बंद कपाटात होता, २०१३ च्या सुमाराला लोकांना बघायला मिळाला. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्याच अहवालात हेही आहे की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवलं.

माझे दादा, म्हणजे आजोबा, तेव्हा अकरा वर्षांचे. ते गेले २०२४ मध्ये. त्यांनी या विषयावर आयुष्यात मला तीन वाक्यं सांगितली असतील. शेजारच्या पाटलांच्या घरात वरच्या माळवदावर कडब्याआड दिवस काढले. पाटलीणबाई भाकरी पदराखाली झाकून आणायच्या. आणि खाली कुणी विचारायला आलं की त्या मोठ्याने जात्यावर दळायला बसायच्या, म्हणजे वर कुणी खोकलं तर ऐकू जाऊ नये. बस्स, एवढंच. त्या घरातलं आणि आमच्या घरातलं येणंजाणं अजून आहे. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शिरखुर्मा न चुकता इकडून तिकडे जातो. पण का, ते कुणी बोलत नाही.

असो.

आता १९५२. पहिली सार्वत्रिक निवडणूक. हैदराबाद राज्यातही प्रौढ मतदान झालं. एकवीस वर्षांवरचा कुणीही, शिकलेला असो वा अंगठेबहाद्दर, बाई असो वा पुरुष. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, वर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. हवी ती पेटी बघून चिठ्ठी आत टाकायची. पणजोबा मत टाकायला गेले ते पांढरी टोपी आणि धुतलेला कुर्ता घालून. ते कुणाला मत देऊन आले हे विचारायची गरज नव्हती. बैलजोडी. त्यात विचारसरणी वगैरे काही नव्हती. चार वर्षांपूर्वी जीव वाचला होता आणि आता सरकारच्या बाजूला उभं राहणं हाच शहाणपणा, एवढाच हिशेब. ज्यांना जायचं होतं ते बडे जागीरदार, वकील, अंमलदार हैदराबादला किंवा कराचीला गेले. कासीम रझवी स्वतःसुद्धा १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. मागे राहिले ते बागवान, तांबोळी, आतार, मोमीन, कुरेशी, मुलाणी. ज्यांच्या नावाने राज्य चाललं, पण ज्यांच्या हातात ते कधीच नव्हतं.

माझ्या मते मराठवाड्यातल्या मुसलमानांचं पुढचं सगळं राजकारण या एका गोष्टीतून समजतं. पुढारी गेले, माणसं राहिली. आणि राहिलेली माणसं पुढची तीस-चाळीस वर्षं निवडणुकीला उभी राहण्यापेक्षा निवडणुकीत मान खाली घालून मत देणं पसंत करत राहिली. गल्लीतून एखादा हाजीसाहेब नगरपालिकेत जायचा, तोही कुणीतरी मोठ्याने "यांना घ्या" म्हटलं म्हणून.

हे बदललं कधी? माझं उत्तर थोडं कंटाळवाणं आहे: कायद्याने. १९९२ साली संसदेने ७४ वी घटनादुरुस्ती केली, १९९३ मध्ये ती लागू झाली. नगरपालिकांच्या निवडणुका दर पाच वर्षांनी घ्यायचं बंधन आलं, एक तृतीयांश जागा बायकांना. महाराष्ट्रात ओबीसींना २७ टक्के. आणि इथे एक गोष्ट घडली जिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. मुसलमानांत जात नाही असं पुस्तकात असेल, पण पिंजारी, बागवान, मन्यार हे धंद्याने आणि परिस्थितीने ओबीसीच आहेत, तर त्यांना त्या सवलती द्या, अशी साधी मागणी. दिलीपकुमार या माणसाने त्यासाठी सभा घेत महाराष्ट्र पालथा घातला. १९९४ मध्ये राज्य सरकारने तसा निर्णय काढला.

तुम्ही म्हणाल, एका जीआरने काय होतं? सांगतो.

२००१. माझी खाला, म्हणजे मावशी, लग्न होऊन दुसऱ्या एका छोट्या गावात गेलेली. गावाचं नाव सांगत नाही, खाला मला उभा-आडवा घेईल. तिचा वॉर्ड सोडतीत 'नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला' असा निघाला. खालू स्वतः तयारीत होते, दोन वर्षं लोकांच्या मयतीला, लग्नाला हजेरी लावत होते. सोडत निघाली आणि सगळं मुसळ केरात. रात्री घरात बैठक. वॉर्डात बागवानाचा जातीचा दाखला असलेली, दहावी पास, बोलणारी बाई कोण? सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. खाला तेव्हा भजी तळत होती.

तिचा पहिला प्रश्न होता, "और सालन कौन पकाएगा?" सगळे हसले. ती हसली नव्हती, असं ती अजून सांगते.

प्रचार तुम्हाला माहीत आहेच. चिन्ह कपबशी, रिक्षावर भोंगा, पत्रकावर खालूंचा फोटो मोठा आणि खालाचा छोटा, तोही डोक्यावरचा पदर इतका पुढे की चेहऱ्यापेक्षा पदरच जास्त. मी दहावीत होतो, दिवाळीच्या सुट्टीत पत्रकं वाटायला गेलो होतो. खाला थोड्याशा मतांनी आली. गुलाल उधळला, तो खालूंवर. हार घातले, तेही खालूंना. पुढचे सहा महिने लोक त्यांनाच "नगरसेवक" म्हणत होते आणि तेही "हां बोलो" म्हणत होते.

बदल पाण्यावरून झाला. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी यायचं रात्री दोनला. म्हणजे दोनला उठायचं ते बायकांनी. घागरी भरायच्या, पिंप भरायचं आणि पहाटे परत चुलीपाशी. सभेत खालाला विचारण्यात आलं की तुमच्या समाजाचं काय काम आहे ते सांगा, करून टाकू. तिच्याकडून अपेक्षित उत्तर ठरलेलं होतं: कब्रस्तानची भिंत. फार तर शादीखाना. खालूंनी घरून तेच पाठ करून पाठवलं होतं. खाला उभी राहिली आणि म्हणाली, "भिंत नंतर. मेलेल्यांना घाई नाही. आधी दोनचं पाणी सहाला करा." मराठीत म्हणाली, आणि सभागृहात पहिल्यांदाच बोलली.

यावर तिला दोन्ही बाजूंनी शिव्या बसल्या, हे सांगायलाच हवं. गल्लीतले काही बुजुर्ग म्हणाले, कौमने निवडून दिलं आणि ही कौमचं काम सोडून नळाचं बोलते. उलट बाजूचे म्हणाले, यांच्या गल्लीलाच आधी पाणी का? खरं तर त्या पाइपलाइनवर तिच्या गल्लीच्या आधी माळी गल्ली लागत होती. पाण्याची वेळ बदलायला दीड वर्ष गेलं. बदलली तेव्हा माळी गल्लीतल्या बायकांनी खालाच्या घरी येऊन तिची ओटी भरली. खाला घाबरली, ओटी घ्यावी की नाही? तिच्या सासूने निकाल दिला: "ले ले, नारियल है, चटनी होगी."

भिंतही झाली, पुढच्या वर्षी.

मला या किश्श्यातलं खरं मोल इथे दिसतं. खालाला जागा मिळाली ती बागवान म्हणून आणि बाई म्हणून. तिला मतं मिळाली ती बरीचशी मुसलमान म्हणून. पण तिने काम केलं ते रात्री दोनला उठणाऱ्या बाईसारखं. ओळख दारापर्यंत नेऊन सोडते, आत गेल्यावर तुम्ही कोण हे तुम्हीच ठरवता.

घरात काय बदललं तेही सांगतो. मोठी मुलगी बारावीनंतर पुढे शिकायला बाहेरगावी गेली, कारण "नगरसेविकेची मुलगी घरी बसली तर लोक काय म्हणतील" हे वाक्य पहिल्यांदाच उलट्या दिशेने चाललं. खालू भाजी आणायला लागले. आणि त्यांच्या धाकट्या भावाचं राजकारण जन्मायच्या आधीच संपलं. कायदा असा की १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर निवडणूक लढवता येत नाही. त्याला तिसरा मुलगा झाला २००३ मध्ये. अकीक्याला बोकड कापला, त्याबरोबर तिकीटही कापलं गेलं. त्याच गावात दोन मराठा आणि एक वाणी उमेदवार याच नियमात गळाले, त्यामुळे चौघं अजून एकत्र चहा पितात.

आता थोडे आकडे, आपण शेवटी इंजिनिअर माणसं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार १०, म्हणजे साडेतीन टक्के. २०२४ ला महाराष्ट्रातून लोकसभेत एकही मुस्लिम खासदार गेला नाही. २०१९ मध्ये औरंगाबादेतून इम्तियाज जलील गेले होते. राज्याला एकच मुस्लिम मुख्यमंत्री मिळाला, बॅरिस्टर अंतुले, १९८० ते ८२. वर जावं तशी चाळणी बारीक होत जाते. खाली नगरपालिकेत मात्र वॉर्ड काहीशे घरांचा असतो, वस्ती एकवट असते, आणि उमेदवार धाब्यावरून हाक मारली तरी ओ देतो. म्हणून मुसलमानाचं राजकारण म्हणजे बहुतेक वेळा नगरपालिकाच. परंड्यात तर नगराध्यक्षाच्या खुर्चीत जाकीर सौदागर बसलेले आमच्या पिढीने पाहिलेत. गावाला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही, आणि हीच मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

म्हणूनच मधली वर्षं मला जास्त टोचतात. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणावर बोट ठेवलं, आकडेवारी आणा म्हणालं. त्यात मुदती संपल्या आणि ठिकठिकाणी प्रशासक बसले. नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियम तर एखाद्या चालू-बंद बटणासारखा: २००१ ला थेट, २००६ ला नाही, २०१६ ला थेट, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये परत थेट. मे २०२५ मध्ये कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे हा डिसेंबर उजाडला. २०१६ नंतर थेट २०२५. प्रशासकाच्या काळात रस्ते झाले नाहीत असं नाही. पण रात्री दोनच्या पाण्यासाठी कुणाचं दार वाजवायचं, हे कुणाला माहीत नव्हतं.

आणखी एक आठवण, मग थांबतो. २०२३ च्या शेवटी मराठा-कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती, जुनी दप्तरं, निजामाच्या काळातली कागदं. कागदं मोडीत आणि उर्दूत. मोडी वाचणारे मिळेनात आणि उर्दू वाचणारे गल्लीत बसलेले. दादा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. त्यांच्याकडे रोज कुणीतरी जुन्या कागदाची झेरॉक्स घेऊन यायचं. "चाचा, यात काय लिहिलंय बघा की." दादा भिंग लावून शिकस्ता अक्षर उलगडत बसायचे. एक दिवस पाटलांचा नातू आला. त्याच घरातला, माळवदवाल्या. दादांनी पूर्ण दुपार त्याचे कागद वाचले. त्यात नोंद सापडली की नाही ते त्या मुलाने नंतर सांगितलं, ते त्याचं खासगी. पण जाताना त्याने पैसे विचारले तेव्हा दादा म्हणाले, "तुझ्या पणजीने दळणाचे पैसे घेतले नव्हते."

त्या मुलाला काही कळलं नाही. मी शेजारी बसलो होतो, मला कळलं. मी त्याला सांगितलं. पंचाहत्तर वर्षांनी आमच्या दोन घरांत पहिल्यांदा ती गोष्ट मोठ्याने बोलली गेली.

तर त्या रविवारी दादीने विचारलं, "अपना कोन आया रे?" मी फोनवर नावं वाचून दाखवली. सगळी वाचली, नुसती मुसलमानांची नाही. पाटील, शेख, माळी, बागवान, जो जिंकला तो. दादी शांतपणे ऐकत होती. यादी संपल्यावर म्हणाली,

"ठीक है. अब इनमें से रात को दरवाज़ा कौन खोलेगा, वो बता."

ते मला पुण्यात बसून कसं कळणार? ते कळायला पाच वर्षं आहेत. या वेळी दर महिन्याला गावी जाऊन विचारायचं ठरवलंय.